ठाऊक असून दिलेला खोटा चेक

‘खात्यात दमडी नाही हे ठाऊक असूनही त्याने मला चेक दिला’, अशी तक्रार घेऊन माणूस बहुधा आधी पोलीस ठाण्यात जातो आणि तिथून त्याची रवानगी वकिलाकडे होते. त्याला ती टाळाटाळ वाटते, पण पुष्कळदा सल्ला योग्यच असतो.

फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कलम 420 मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये, पैसे बुडवण्याचा हेतू व्यवहाराच्या आरंभापासूनच होता हे सिद्ध करावे लागते. धंदा नंतर बसला आणि चेक परत आला, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. खाते आधीच बंद करून त्याच खात्याचे चेक वाटणाऱ्याची गोष्ट अर्थातच निराळी.

1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात 1 एप्रिल 1989 पासून लागू झालेले, चेक न वटण्याबद्दलचे कलम 138 मात्र सही करतानाच्या मनःस्थितीत शिरतच नाही. चेक वटणार नाही असे वाटण्याचे कारण नव्हते, हा बचाव कलम 140 ने स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. शिवाय चेक देण्यामागे देणे होते असे कलम 139 गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. ‘मी कोरा चेक नुसती सही करून दिला होता’ हे सांगूनही सहजी सुटका होत नाही.

हे कठोर वाटेल, पण चेक परत आला त्याच दिवशी गुन्हा पूर्ण होत नाही. ‘फंड्स इन्सफिशियंट’ असा शेरा असलेली बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते आणि ती पोचल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तरच गुन्हा घडतो. सही करताना काय ठाऊक होते याऐवजी, ठाऊक झाल्यावर काय केले, हे कायदा पाहतो. पुढे महिन्याभरात न्यायालयात तक्रार द्यावी लागते. पाकिटावर पोस्टमनचा ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला, तर ते न फोडता जपून ठेवावे. नोटीस बजावली गेली असे त्यावरून धरले जाते.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2018 च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकारही न्यायालयाला मिळाला. म्हणून पैसे परत हवे असणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो, समोरच्याला चारसोबीस ठरवण्यात त्याला कितीही समाधान वाटत असले तरी.