अकरा मुखं आणि ओला कागद

क्योतोतल्या सहा आठवड्यांच्या कला-कार्यशाळेच्या अर्जात विचारलं होतं, 'जपानी कलाच का?' मी होकुसाई या जपानी चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रावर पानभर लिहिलं. अप्लाइड आर्टच्या वर्गात ती इतक्यांदा पाहिली होती की पाठ आहे असंच वाटायचं. निवड झाली. व्हिसासाठी मुक्कामाचा दिवसवार तक्ता द्यावा लागतो. सहा आठवड्यांचे बेचाळीस रकाने भरताना चार वेळा खाडाखोड झाली, बाकी काही अडलं नाही.

अडलं ते क्योतोत पोचल्यावर. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला सान्जूसान्गेन्दो या बौद्ध मंदिरात नेलं. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृह, १२६६ साली पुन्हा बांधलेलं, आणि आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती. हजार उभ्या, मधली एक मोठी बसलेली. ती तान्केई या शिल्पकाराने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, १२५४ साली पुरी केली. आत फोटोला मनाई. बाईंची अट त्याहून कडक: वहीही काढायची नाही. नुसतं बघायचं, मोजायचं आणि बाहेर येऊन आठवणीतून काढायचं.

माझ्या चित्रात चौतीस हात निघाले. असतात बेचाळीस. दोन छातीशी जोडलेले, उरलेले चाळीस. त्यातला प्रत्येक पंचवीस विश्वांचा उद्धार करतो, म्हणून तो 'सहस्रभुज'. मस्तकावरची छोटी मुखं तर मी मुकुटाची नक्षी समजून सोडूनच दिली होती. अकरामुखी कान्नोन आहे तो!

बाईंनी विचारलं, "तू मुंबईची ना? मग कान्हेरीचा पाहिला असशील. ४१ क्रमांकाचं लेणं."

मी बोरिवलीची. शाळेच्या सहलीपासून धरून कान्हेरीला पाच वेळा तरी गेले असेन. मला तिथली माकडं आठवतात. अकरामुखी अवलोकितेश्वर तिथे आहे हे मला क्योतोत कळलं. मी मान डोलावली, ती हो की नाही हे मलाही सांगता आलं नसतं.

(जेवणाबद्दल सगळे विचारतात, म्हणून एकदाच सांगते: दाशी, म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क, साध्या दिसणाऱ्या सारातही असतो. मी दही-भातावर राहिले.)

नंतरचे तीन आठवडे लाकडी ठशांचे. जुन्या काळी चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसा घालणारा प्रकाशक चौथा. होकुसाईच्या लाटेचंही तसंच. मी मात्र अर्जात सगळं श्रेय एकट्याला देऊन बसले होते. आम्हाला तिघांचीही कामं करायची होती. पातळ कागदावरचं चित्र चेरीच्या फळीवर पालथं चिकटवायचं, रेघ सोडून बाकीचं कोरून काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळी फळी. सगळे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून फळीच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांना केन्तो म्हणतात. कागद त्यात टेकवायचा आणि वरून बारेन नावाच्या, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासायचं. यंत्र वगैरे काही नाही.

माझा निळा दर वेळी काळ्या रेघेबाहेर सांडायचा. मी केन्तो पुन्हा कोरली, आणखी बिघडवली. दोन दिवस फळीलाच दोष दिला. चूक कागदाची होती. वॉशी, म्हणजे जपानी कागद, ओलसर ठेवूनच छापायचा असतो, आणि मी आपल्या सवयीने, बाहेर पावसाची रिपरिप, दमटपणा नको म्हणून गठ्ठा एसीखाली ठेवत होते. पापड सादळू नयेत म्हणून जपावं तसा! वाळला की तो आकसतो, मग खाच कितीही नेमकी असली तरी काय उपयोग?

गठ्ठा ओल्या कागदांमध्ये रात्रभर दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशी सातव्या प्रतीला निळा रेघेच्या आत बसला. मी ती दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही, कागद उलटा केला आणि बारेन सगळीकडे सारखं फिरलंय का ते पाठीवर उजेडात बघत बसल्या.