सासू-जावयाच्या खुर्च्या

डायलिसिसच्या पाळ्या लावताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कोण कुठे बसणार हे ठरवण्यात. इथे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या ऑस्ट्रेलियातल्या गावी अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींच्या, रीतीप्रमाणे सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. आणि मशीनवरचा माणूस उठून जाणार कुठे? किडनीचं काम मशीन करतं तोवर हातात दोन सुया, चार-पाच तास जागचं हलता येत नाही. मग सासूबाईंना सोम-बुध-शुक्र, जावईबापूंना मंगळ-गुरू-शनि. तेही नाहीच जमलं तर मध्ये पडदा. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, इथे त्याच्याकडे पाठ करतात. मान राखायचा तो दोन्हीकडे.

नागपूरहून फोन आला की हमखास प्रश्न येतो, "ते लोक दारू फार पितात ना गं?" म्हणजे किडनी गेली ती दारूमुळेच! मला रागच येतो. उत्तरेकडच्या टिवी बेटांवर वर्षानुवर्षं तपासण्या झाल्या. जन्मतः वजन कमी असलं की किडनीतल्या गाळण्याच मोजक्या असतात. त्यात लहानपणी खरूज, त्वचेचे जंतुसंसर्ग, पुढे साखर आणि बीपी. तिथेच १९९५ पासून बीपीची गोळी नेमाने दिली, तर मृत्यू आणि किडनी निकामी होणं, दोन्ही जवळपास निम्म्यावर आलं.

पण ज्यांची किडनी गेलीच, त्यांचं काय? किंटोर गाव इथून पाचशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, वाळवंटात. मशीन होतं ते अ‍ॅलिसमध्ये. म्हणजे म्हातारपणी नातवंडं, जमीन, विधी सगळं सोडून परक्या गावात येऊन राहायचं, तेही कायमचं. तेव्हा किंटोर आणि शेजारच्या किविरकुराच्या पिंटुपी जमातीतल्या चित्रकारांनी मोठाली चित्रं काढली. २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला, दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले, आणि २००४ मध्ये किंटोरला मशीन सुरू झालं. त्यातून उभी राहिलेली संस्था आज पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. २०११ पासून त्यांचा जांभळा ट्रकही फिरतो, आत डायलिसिसच्या खुर्च्या. अंत्यविधी असो, सण असो, माणूस गावी जाऊ शकतो. सरकारने दुर्गम भागातल्या डायलिसिससाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून पैसे द्यायला सुरुवात केली ती २०१८ मध्ये. चित्रकारांनंतर अठरा वर्षांनी!

मी पूर्वी जिथे होते, तिथे एका मावशींच्या फाइलवर 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेलं पाळत नाहीत, असा शेरा होता. भाऊ वारला म्हणून गावी गेल्या, दोन पाळ्या चुकल्या, अंगावर सूज घेऊन परतल्या. त्यांच्या फिस्टुलावर, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं तर थरथर छान लागत होती, म्हणजे ती नीट चालू होती. हात किती जपला होता त्यांनी! दहाव्या-तेराव्याला गावी गेलेल्या आपल्या माणसाच्या फाइलवर असा शेरा कोणी मारेल का?

माझं माहेर गडचिरोलीकडचं. तिथे शोधग्रामला बंग डॉक्टरांनी आधी आदिवासींनाच विचारलं, दवाखाना कसा हवा. म्हणून तिथे झोपड्यांसारखी घरं आहेत, नातेवाइकांना राहायला जागा आहे आणि दवाखान्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे. त्यामुळे पर्पल हाऊसच्या अंगणात शेकोटीवर कांगारूची शेपटी भाजताना पाहिली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

संशोधनाचं दुखणं वेगळं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. ते परस्पर स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासाला वापरलं गेलं. २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, नमुनेही परत केले. इथे कोणी नमुने घ्यायला आलं की आमच्या आज्या दुभाष्याला बसवून घेतात आणि विचारतात: उरलेल्या रक्ताचं काय करणार? काय सापडलं ते सांगायला परत कधी येणार? माझं म्हणणं, हे प्रश्न फॉर्मवरच छापावेत, आणि उत्तरांखाली पहिली सही संशोधकाची घ्यावी.