संत्र्याचा ताण, युरियाची गोणी आणि नायट्रस ऑक्साइड

नागपूर परिसरात मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा फुलोरा, धरणारे बागायतदार उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेचे पाणी तोडतात, पाने मलूल होईपर्यंत झाडे ताणावर ठेवतात आणि पहिला दमदार पाऊस पडला, की खताचा हप्ता देतात. बहार फुटण्यासाठी ही रीत उत्तमच आहे. मात्र कोरडी ठक्क जमीन, तिच्यावर एकाएकी आलेले पाणी आणि त्याच वेळी उपलब्ध असलेला भरपूर नत्र (नायट्रोजन) या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड भरभरून सुटतो. हवामानबदल बागेबाहेरच्या शिवारालाही अशाच ताणावर ठेवू लागला आहे, आणि तरीही आमच्याकडच्या चर्चा धसकटे जाळण्यापलीकडे जात नाहीत, याचे मला नवल वाटते.

हा वायू वातावरणात शंभराहून अधिक वर्षे टिकतो, ओझोनचा थर झिजवतो आणि 100 वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या 273 किलोंएवढी तापमानवाढ करतो. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतो. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ढोबळ गृहीतकानुसार त्यातला 1 टक्का या वायूच्या रूपाने उडून जातो, असे धरले तर एका गोणीमागे सुमारे 325 ग्रॅम वायू निघतो; कार्बन डायऑक्साइडच्या मापाने तो जवळजवळ 89 किलो भरतो. याच संस्थेने 2019 मध्ये रासायनिक खतांसाठी ओलसर हवामानाला 1.6 टक्के आणि कोरड्या हवामानाला 0.5 टक्के असे वेगळे आकडे दिले. आमचे शिवार मे महिन्यात एका रकान्यात बसते आणि जुलैत दुसऱ्या, त्यामुळे वार्षिक सरासरीवर मी फारसा विसंबत नाही.

काळ्या जमिनीतले एखादे ढेकूळ पावसानंतर फोडून पाहावे. वरचा पापुद्रा सुकत आलेला असतो आणि आतला गाभा चिकट, ओला असतो. बाहेरच्या भागात हवा खेळत असल्यामुळे तेथील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. गाभ्यात प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून तेथील जिवाणू श्वसनासाठी त्याच नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात. ही दुसरी क्रिया शेवटास गेली तर निरुपद्रवी नायट्रोजन उरतो, अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. मातीची साधारण 60 ते 80 टक्के पोकळी पाण्याने भरलेली असताना, म्हणजे वाफसा (मशागतीजोगी ओल) येण्याच्या थोडे अलीकडे, ती बहुधा अर्धवट राहते. पाणी पूर्ण तुंबले, तर उलट वायू कमी निघतो. म्हणून ‘पाऊस वाढला की उत्सर्जन वाढले’ हे समीकरण मला अपुरे वाटते.

तापमानाचेही तसेच आहे. नागपूरच्या 45 अंशांत सुकलेली माती जवळजवळ स्वस्थ असते. पण ओलावा असताना उष्णता वाढली, तर जिवाणू व मुळे अधिक वेगाने श्वसन करतात, मातीतला प्राणवायू लवकर संपतो आणि ढेकळाचा गुदमरलेला गाभा मोठा होतो. त्यातच कोरड्या काळात मेलेल्या सूक्ष्मजीवांचा कार्बन व नत्र पहिल्या पाण्याबरोबर मोकळा होतो, म्हणून पावसानंतरच्या मोजक्या दिवसांत वर्षभराच्या उत्सर्जनाचा मोठा हिस्सा निघून जाऊ शकतो. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. खंड लांबला आणि त्यानंतर धो धो पाऊस आला, की जमीन एकाच हंगामात अनेकदा सुकते आणि अनेकदा भिजते. एकूण पाऊस सरासरीइतकाच भरला तरी वायूचा हिशेब बदलतो.

‘‘भाऊ, पाणी येऊन राहिलं, आताच युरिया फेकून देऊ,’’ असे शेजारचे शेतकरी म्हणतात तेव्हा ते चुकीचे नसतात. आमच्या चुनखडीयुक्त जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या आसपास. तेथे युरिया उघड्यावर पडून राहिला तर नत्र अमोनिया होऊन उडतो, आणि हलक्या सरीने युरिया मातीत जिरतो. अडचण अशी, की हल्ली सर हलकी येईल याचा नेम उरलेला नाही. त्यामुळे मुसळधार पावसाचा इशारा असेल तर हप्ता थांबवावा, वाफसा आल्यावर थोडा थोडा द्यावा आणि लगेच मातीआड करावा, हे मला अधिक पटते. ठिबकमधून विद्राव्य खत देणाऱ्या बागांना ते सहज जमते. 2015 पासून युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो आणि त्याने नायट्रेट बनण्याचा वेग काहीसा मंदावतो, तरी वेळ चुकली तर लेप किती पुरा पडणार? कोरडवाहू कपाशीत मात्र खत मातीआड करणाऱ्या माणसाची दिवसाची मजुरी अनुदानित युरियाच्या गोणीपेक्षा जास्त पडते, आणि सल्ला बहुतेक वेळा तिथेच अडतो.