छर्ऱ्यांची निवड: वजन, माप आणि भटके शॉट

एअर पिस्तूलवाल्या मंडळींसाठी ही नोंद. गेल्या पावसाळ्यापासून मी छर्ऱ्यांच्या मागे लागलोय. त्याआधी दुकानात असेल ती डबी घ्यायची, मारायची आणि शॉट बाहेर गेला की आधी डबीकडे संशयाने बघायचं, असं चाललं होतं. माझ्या जुन्या स्टायर एलपी 10 पिस्तुलाला नक्की काय मानवतं, आणि छर्रे निवडण्यात घालवलेला वेळ कार्डावर, म्हणजे टार्गेटवर, दिसतो का, एवढंच बघायचं ठरवलं. वजन करण्यात घालवलेला वेळ दिसला नाही. बॅच, म्हणजे कारखान्यातली एकेक खेप, शोधण्यात घालवलेला दिसला, पण मला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही.

आधी आकडे, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. दहा मीटर पिस्तूलच्या कार्डावर दहाचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं, आतला दहा 5 मिमीचा, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 16 मिमीने मोठं. छर्रा 4.5 मिमीचा आणि भोक रेषेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 8 मिमीच्या आत पडला की दहा नक्की. दशांशात मोजायचं तर 0.1 गुण म्हणजे 0.8 मिमी. हे 0.8 लक्षात ठेवा.

सुरुवात वजनापासून केली, कारण सगळे तिथूनच करतात. मॅच पिस्तूलचे छर्रे साधारण 0.45 ते 0.51 ग्रॅमचे. घरच्या 0.01 ग्रॅमच्या काट्यावर ते तोलण्यात अर्थ नाही, चांगल्या डबीतला फरकच त्याहून कमी असतो. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि तो असतो हिऱ्या-माणकांवाल्यांकडे. सराफ बाजारात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांनी काटा द्यायला हरकत घेतली नाही, पण डबी उघडलेली बघून म्हणाले, ‘‘शिसं आहे ना हे? मग पारड्यात थेट ठेवायचं नाही हं. इकडं सोनं बसतं.’’ बरोबरच आहे त्यांचं. चिमूटभर शिसं सोन्यात मिसळलं तरी सोनं ठिसूळ होतं, ठोकताना चिरा पडतात. मग पारड्यावर बटर पेपर, तो शून्याला लावायचा, चिमट्याने एकेक छर्रा. काकांचा चहा येईपर्यंत जेमतेम पाव डबी झाली होती.

0.49 ग्रॅमच्या चांगल्या डबीत बहुतेक छर्रे पाच मिलिग्रॅमच्या आत-बाहेर निघाले. म्हणजे एक टक्का. आता याचा कार्डावर परिणाम किती? पिस्तुलातून छर्रा साधारण 150 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो, दहा मीटर जायला त्याला 0.07 सेकंदाच्या जवळपास लागतात, तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे 23 मिमी खाली येतो. हवेचा जोर तोच धरला तर एक टक्का जड छर्रा अर्धा टक्का हळू जाईल आणि पडेल एक टक्का जास्त. 23 मिमीचा एक टक्का म्हणजे पाव मिमीसुद्धा नाही. वर सांगितलेल्या 0.8 च्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्यात पिस्तूलच्या क्वालिफिकेशनला, म्हणजे पात्रता फेरीला, गुण पूर्णांकात धरतात, दशांश येतो फायनलमध्ये. काकांना काटा परत केला आणि वजनाचा नाद तिथेच संपवला. ज्यांना तोलत बसायला आवडतं त्यांनी जरूर तोलावं, मन शांत होतं. पण गुणांसाठी नको.

मग छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. डबीवर 4.49, 4.50 असं लिहिलेलं असतं आणि त्यावरून आपल्यात फार वाद होतात. 4.49 आणि 4.50 मध्ये फरक दहा मायक्रॉनचा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करणाऱ्यांना हे सांगायला नको: ज्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी आहे त्याने हे मोजता येत नाही. मायक्रोमीटरने मोजता येतं, पण शिसं इतकं मऊ की रॅचेटच्या दोन टिचक्यांत छर्राच मापाप्रमाणे होतो. तेव्हा माप मोजण्यापेक्षा मारून बघणं हाच मार्ग.

मारून बघायचं म्हणजे हात बाजूला ठेवून. अंबडला मित्राचं वर्कशॉप आहे. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना दोन रांगांमधून सरळ दहा मीटर मिळतात. मिलिंग मशीनच्या वाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, पिस्तूल लावायचं म्हटल्यावर तो हादरला. ‘‘अरे, मार्क पडतील. आणि नळी आवळलीस तर वाकेल.’’ नळी आवळायचीच नव्हती. त्याने वाइसला लावायचे ॲल्युमिनियमचे सॉफ्ट जॉ, म्हणजे मऊ जबडे, काढले, त्यावर चामडं चिकटवलं आणि मूठ काढून फ्रेमला धरलं. पुढे शिशाचे छर्रे अडवून धरेल असा ट्रॅप, मागे भिंत, शटर खाली, आत आम्ही दोघंच. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर 200 बारपर्यंत भरलेला आणि दर डबीला प्रेशर साधारण सारखं. वाइसमध्येसुद्धा ट्रिगर ओढताना पिस्तूल किंचित सरकू शकतं, म्हणून त्याने फ्रेमला बारीक हालचाल दाखवणारा डायल लावला. काटा हलला की तो शॉट बाद. हौशी माणसाला एवढं लागत नाही, पण डायल दिसला की त्याला राहवत नाही.

इथे मुख्य गोष्ट. पाच शॉटच्या ग्रुपवर, म्हणजे कार्डावर पडलेल्या भोकांच्या पुंजक्यावर, विश्वास ठेवू नका. एकाच डबीतून पाच-पाचचे ग्रुप मारले तर एक इतका सुंदर येतो की फोटो काढून पाठवावासा वाटतो आणि पुढचा त्याच्या दीडपट. शॉट वाढतात तसा ग्रुप वाढतोच, त्यामुळे तुलना करायची ती निदान दहा-दहाच्या ग्रुपांची, आणि तेही एकाहून जास्त. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून 4.5 वजा केले की मध्य ते मध्य अंतर मिळतं. पुढचे सगळे आकडे असेच काढलेले.

एकाच जर्मन कंपनीच्या, एकाच नावाच्या, 0.49 ग्रॅम आणि 4.50 लिहिलेल्या दोन डब्या, बॅच वेगळ्या. पहिली पावणेतीन मिमीच्या आसपास, दुसरी साडेचारच्या. दुसऱ्या कंपनीचे 0.45 ग्रॅमचे हलके छर्रे तीन मिमी. आणि सरावाचे म्हणून मिळणारे स्वस्त छर्रे सात-आठ. म्हणजे नाव, वजन, माप सगळं तेच असताना डबीमागच्या स्टिकरवरच्या नंबराने जो फरक पडला, तो दोन वेगळ्या कंपन्यांच्या चांगल्या डब्यांमधल्या फरकाहून मोठा होता.

यात नवल नाही. 50 मीटर रायफलवाले .22 च्या गोळ्यांचं हेच करतात. लापुआ या गोळ्यांच्या कंपनीचं जर्मनीत शोनेबेकला टेस्ट सेंटर आहे, तिथे आपली रायफल घेऊन जायचं, लॉटमागून लॉट (लॉट म्हणजे बॅचच) मारून बघायचा आणि जमेल तो उचलायचा. 2024 ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ आणणारा आपला स्वप्नील कुसाळे, जो इथे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलला होता, त्याच्या प्रकारात लॉट न तपासता मोठ्या मॅचला सहसा कुणी उभं राहत नाही. आपलं अंतर दहा मीटर, आपला खर्च लहान, एवढाच फरक.

पण थांबा, लगेच स्वस्त डबी फेकू नका. माझा हातातला ग्रुप, चांगल्या दिवशी, समजा 30 मिमीचा. हाताची चूक आणि छर्ऱ्याची चूक सरळ बेरीज होत नाहीत, वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. 30 आणि 4.5 मिळून होतात 30.3. 30 आणि 8 मिळून होतात 31. म्हणजे सगळ्यात वाईट डबीनेही माझा ग्रुप एका मिमीने वाढला! हा हिशेब कागदावर आला तेव्हा मित्र हसत सुटला. चामडं चिकटवलेल्या त्या सॉफ्ट जॉकडे बघत म्हणाला, ‘‘यासाठी माझा सुट्टीचा दिवस घालवलास?’’

तर नाही. सरासरी हिशेबात न दिसणारी गोष्ट कार्डांवर होती. स्वस्त डबीत बहुतेक छर्रे ठीक जात होते आणि मधूनच एखादा बारा-पंधरा मिमी लांब भटकत होता, वाइसमध्ये, डायल न हलता. दहा वाटलेला शॉट नऊ किंवा आठ दिसतो तो यामुळे. साठ शॉटमध्ये असे दोन आले तर गुण दोन ते चार जातात, आणि गुणांहून वाईट म्हणजे आपण चांगल्या सुटलेल्या शॉटनंतर नेमाची साइट फिरवायला लागतो. चांगल्या बॅचमध्ये असा भटका शॉट मला एकही मिळाला नाही. छर्रे निवडायचे ते ग्रुप मिमीभर लहान करायला नाही, भटके शॉट घालवायला.

भटकणाऱ्यांचं कारणही बरंचसं सापडलं. छर्ऱ्याचा मागचा पोकळ भाग, स्कर्ट, हवा तिथेच धरते. तो एका बाजूने चेपलेला असेल तर छर्रा नळीतून निघतानाच तिरका ढकलला जातो. डबी कुरिअरमध्ये आपटली की कडेचे छर्रे चेपतात. म्हणून आता तोलत नाही, बघतो. दिव्याखाली काळ्या कागदावर छर्रे तोंड खाली करून उभे करायचे, स्कर्टचं वर्तुळ गोल दिसतं की नाही ते बघायचं, चेपलेला बाजूला. तांदूळ निवडण्याइतकंच काम, तेवढाच वेळ. स्वस्त डबीतले चेपलेले काढून उरलेले मारले तेव्हा भटके कमी झाले, संपले नाहीत.

शिशावर कोटिंग, म्हणजे वरून थर, दिलेला बरा का, असं एकाने विचारलं होतं. बाहेरच्या देशांत लोक खऱ्या पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात आणि शिशाच्या गोळीवर पॉलिमरचा रंगीत थर देतात, नळीत शिसं चिकटू नये म्हणून. तो आपला प्रांत नाही. आपल्याकडे काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 खाली परवान्याचं काम आहे, घरगुती हौस नाही. आणि 25 मीटरला चालणारी .22 तर रिमफायर, दारू पेटवणारा मसाला कडेच्या घडीत असतो, ती पुन्हा भरता येतच नाही. एअर पिस्तुलात ना ज्वाला, ना तेवढा वेग. तांब्याचा मुलामा दिलेले छर्रे मी मारून बघितले: हात काळे होत नाहीत हे खरं, पण थर कडक, माझ्या नळीत ग्रुप मोठा आला. साधं शिसंच बरं.

शिसं आहे तर त्याची काळजीही आलीच. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, रेंजवर तर नाहीच. ट्रॅपखालची भुकटी झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं बंद पिशवीत. ट्रॅपमधलं शिसं वितळवायचा उद्योग घरात कुणी करू नये, लहान मुलं असलेल्या घरात तर विचारही नको. आणि डब्या लाकडाच्या बंद खणात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने आणि आपल्या पावसाळ्याच्या दमटपणाने छर्ऱ्यांवर पांढरी पूड धरते. ती विषारी, आणि तसा छर्रा नळीत खरखरीत जातो. मी हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. पांढरे पडलेले मारत नाही.

सध्याची स्थिती: पहिल्या बॅचच्या मिळतील तेवढ्या डब्या दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगितल्यात, त्या मॅचसाठी. रोजच्या सरावाला 0.45 ग्रॅमवाले. दुकानात जाताना स्टिकरचा फोटो मोबाइलवर घेऊन जातो, नुसतं नाव सांगून डबी घेत नाही. साडेचार मिमीवाली दुसरी बॅच मित्राच्या मोरिनी पिस्तुलात लावून बघायची आहे, कारण माझ्या नळीला न चाललेली बॅच त्याच्या नळीला चालू शकते. कुणाकडे क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर कळवा. सिलिंडर 200 वरून 100 बारला येईपर्यंत वेग किती ढळतो ते मला बघायचंय, आणि अंबडच्या वर्कशॉपमध्ये जागा आहे.