रंग काढायला वेळ लागला नाही, कोळसा धुवायला लागला

'धुतलेल्या पाण्याचा पीएच ७ येईपर्यंत कोळसा धुवावा.' पीएच ७ म्हणजे पाणी ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी. असा कोळसा बनवायची कोणतीही कृती वाचा, हे एवढं एक वाक्य असतं आणि लगेच पुढची पायरी सुरू होते. करवंटीच्या कोळशाने पाण्यातला रंग काढायचा माझा प्रकल्प होता. त्यातला सर्वाधिक वेळ या एका वाक्याने खाल्ला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधीचं काम सरळ झालं. करवंट्या कुटून फॉस्फरिक आम्लात भिजवल्या, वाळवल्या आणि झाकणाच्या मुशीत भरून ५०० अंश सेल्सियसला भाजल्या. झाकण मात्र नीट बसलेलं हवं, हवा शिरली की राख हाती येते. आम्लामुळे कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात आणि रंगाचे रेणू त्यांच्या भिंतींना चिकटतात.

पण त्याच छिद्रांत आम्लही अडकून बसतं, आणि ते काढणं म्हणजे धुणं. गाळणकागदावर कोळसा ओतला की बारीक भुकटी कागदाची भोकं बुजवते. मग खाली एक थेंब पडतो, बऱ्याच वेळाने दुसरा. पीएच पट्टी सुरुवातीला लाल, मग नारिंगी, मग पिवळी होत गेली आणि पिवळ्यावरच थांबली. पीएच ७ दाखवणारा हिरवा रंग काही येईना. विचारावं त्याला, तर उत्तर एकच, 'अजून धुवा.' रात्रभर भिजवून ठेवलं की सकाळी पाणी परत आंबट, कारण आतलं आम्ल सावकाश बाहेर झिरपत राहतं. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपत होते आणि रंगाच्या प्रयोगाला हातसुद्धा लागला नव्हता.

शेवटी वैतागून मी पट्टी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवली. तीही पिवळी! हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्यामुळे उघड्यावर राहिलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ५.६ च्या आसपास येतो. ओतायच्या पाण्यातच ७ नाही, तर खाली गळणाऱ्या पाण्यात तो कुठून येणार? ही साधी गोष्ट त्या वाक्यापुढे लिहायला कुणाला काय जड गेलं असतं?

म्हणून सांगतो, ७ च्या मागे लागू नका. वर ओतलेलं आणि खाली आलेलं पाणी यांचा पीएच जुळला की एकदा रात्रभर भिजवून पुन्हा तपासा, आणि तरीही जुळत असेल तर थांबा. पाण्यातून वीज किती वाहते ते सांगणारं, म्हणजे वाहकता मोजायचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम, आम्लाचा अंश त्यात पटकन कळतो. पाणी गरम घ्या, आम्ल लवकर सुटतं. दरवेळी गाळत बसू नका. कोळसा तळाशी बसू द्या, वरचं पाणी निथळून टाका, गाळणं फक्त शेवटी.

धुणं टाळून मात्र चालत नाही. मी मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरला होता. त्याच्या रेणूवर धन प्रभार असतो. पाण्यात आम्ल असेल तर आम्लातले हायड्रोजन आयन कोळशावरच्या त्याच्या जागा अडवतात आणि चांगला कोळसाही कुचकामी वाटतो. ऋण प्रभाराच्या, म्हणजे काँगो रेडसारख्या रंगांचं उलट, त्यांना बहुधा आम्लधर्मी पाणी मानवतं. खऱ्या सांडपाण्यात अनेक रंग आणि क्षार एकत्र असतात, तेव्हा एका रंगावरचा आकडा तिथे जसाच्या तसा लावू नका.

धुतलेला कोळसा घातल्यावर फ्लास्कमधलं गडद निळं पाणी माझ्या डोळ्यांसमोर फिकं होत गेलं. तो आनंद खरंच मोठा होता.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. गाळणकागद स्वतःच मिथिलीन ब्लू धरून ठेवतो. कोळसा न घालता तेच निळं पाणी कागदातून गाळून बघा, फरक दिसेल. पाण्यात किती रंग उरला ते, ते पाणी ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतं यावरून मोजतात. त्यामुळे त्यासाठीचा नमुना गाळू नका, सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून कोळसा तळाशी बसवा. भुकटीचा कण राहिला तर तो प्रकाश अडवतो आणि उरलेला रंग जास्त दिसतो. क्युव्हेटला, म्हणजे मोजायचा नमुना भरतात त्या काचेच्या छोट्या नळीलाही, निळा थर बसतो, तो अल्कोहोलने निघतो.

वापरलेला कोळसा बेसिनमध्ये ओतू नका. रंग नष्ट झालेला नसतो, फक्त पाण्यातून कोळशात गेलेला असतो. त्याच्यासाठी झाकणाचा वेगळा डबा पहिल्या दिवसापासून ठेवा.