ग्वाल्हेर ते इंदूर, मागे पावटनी मिलिटरी ट्रेलर

डिसेंबरात ग्वाल्हेरला जाऊन एक जुना मिलिटरीचा पावटनी, म्हणजे पाव टन माल नेणारा ट्रेलर घेतला आणि बोलेरोच्या मागे जोडून इंदूरला आणला. जाताना नऊ तास लागले, येताना दोन दिवस. कुणाच्या डोक्यात असला किडा असेल तर त्याचा दीड दिवस वाचावा म्हणून लिहितोय.

गरज साधी होती. सिमरोलजवळ थोडी शेती आहे, लसूण-बटाटा असतो, आणि दर वेळी पाच-सात पोत्यांसाठी छोटा हत्ती सांगायचा म्हणजे भाडं वेगळं आणि त्याची वाट बघणं वेगळं. पिकअप घ्यायची ऐपत नाही असं नाही पण घरापुढे दुसरी गाडी लावायला जागा नाही, ट्रेलर मात्र जिन्याखाली उभा राहतो. (बायकोचं म्हणणं जिन्याखाली सायकली होत्या. होत्या.)

आधी साहजिकच महूला गेलो. घरापासून पाऊण तासावर एवढी मोठी छावणी आहे, कुठल्यातरी भंगारवाल्याकडे मिळेल असं वाटलं. पण तसं नसतं. फौजेतून निघालेला माल लिलावात जातो, बराचसा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून, आणि तो लॉटमध्ये विकतात, म्हणजे तुम्हाला एक ट्रेलर पाहिजे असतो आणि लॉटमध्ये त्याच्यासोबत चार सांगाडे आणि एक पाण्याची टाकी येते. शिवाय माल जसा आहे, जिथे आहे तसाच उचलायचा, आधी डिपॉझिट भरा, वर जीएसटी भरा, ठरलेल्या दिवसांत उचला नाहीतर जागेचं भाडं चढतं. आपल्यासारख्या एकट्या माणसाचं ते काम नाही. लॉट घेणारे व्यापारी घेतात आणि मग सुटं विकतात, किंवा माझ्यासारखा कुणी आधीच घेऊन, पासिंग करून, दोन वर्षांत कंटाळून विकायला काढतो. मला असाच एक ग्वाल्हेरला सापडला, आतेभावाच्या ओळखीनं. एमपी ०७ची, म्हणजे ग्वाल्हेरच्या नंबराची आरसी तयार होती आणि एवढ्यासाठीच मी पाचशे किलोमीटर गेलो.

कागदाचं आत्ताच सांगून टाकतो कारण लोक शेवटी बघतात आणि फसतात. फौजेच्या गाडीची नोंदणी वेगळी असते, तो वर टोक केलेला बाण असतो ना नंबराच्या सुरुवातीला, तो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६० मध्ये ते आहे, आणि तिथंच हेही आहे की गाडी संरक्षणाच्या कामातून निघाली की पुढे साध्या गाडीसारखी नव्यानं नोंदवावी लागते. ट्रेलरसुद्धा कायद्यानं वाहनच, त्याला स्वतःचा नंबर आणि स्वतःची आरसी लागते. विकणारा म्हणाला 'आर्मी का है, इसको कौन रोकेगा', तर हात जोडून घरी यायचं. विक्रीचं फौजेकडचं पत्र, मधल्या सगळ्या मालकांच्या पावत्या, आणि चासिसवर ठोकलेला नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. माझ्याकडे आरसी होतीच, फक्त नावावर करायचं होतं, ते फॉर्म २९ आणि ३० वर तिथंच सह्या घेऊन केलं. बोलेरोच्या पॉलिसीत ट्रेलर चढवून घेणं जायच्या आधीच करून ठेवलं होतं.

आता रस्ता. देवास, मक्सी, शाजापूर, सारंगपूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, सरळ जुना आग्रा-मुंबई रोड. रस्ता मस्त आहे, काही सांगण्यासारखं नाही. शिवपुरीच्या पुढे थंडीत संध्याकाळनंतर धुकं उतरतं तेवढं धरून चाला, ट्रेलर घेऊन त्या तुकड्यात अंधारात शिरू नका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मुक्काम केला, सकाळी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) खाल्ली, मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत मिठाई, घेतली आणि ट्रेलर बघायला गेलो.

हा जीपच्या मागचा पावटनी ट्रेलर. मूळ घाट दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीप ट्रेलरचा, तो रिकामा साधारण २५० किलो आणि माल जवळजवळ तेवढाच, २२७ किलो. त्याचा डबा पाणी आत येणार नाही असा बनवलेला असायचा, नदीत तरंगावा म्हणून, आणि तळाला पाणी सोडायची बुचं. माझ्या ट्रेलरलाही दोन बुचं आहेत. वरून राखाडी रंग मारलेला, का ते नंतर कळलं, ऑलिव्ह ग्रीन रंग फौजेच्या गाड्यांशिवाय दुसऱ्या कुणाला मारता येत नाही, नियमच आहे. मला तर तो हिरवाच आवडला होता. मागच्या फळीवर नखानं जरा खरवडलं तर राखाडीखाली हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या स्टेन्सिलचा बाण, पुढे ८३. बाणापुढचे दोन आकडे म्हणजे फौजेनं घेतल्याचं साल. तिथंच माझं घासाघीस करायचं बळ संपलं. सांगितले ५५ हजार, ४१ला तुटलं, शांत डोक्यानं बोललो असतो तर अजून तुटलं असतं.

बघताना डबा बघू नका, डबा सगळेच बघतात. खाली झोपा. पुढच्या दांडीचे वेल्डिंग जोड, पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) यू बोल्टांच्या खालची प्लेट, पाट्याचं टोक धरणाऱ्या शॅकलची भोकं लांबट झालीत का. छोटी हातोडी घेऊन पत्रा वाजवत जा, खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत गंज किंवा पुट्टी. पुट्टी बघायला चुंबक बरं. जोडायची कडी आतून किती घासलीय ते बोट फिरवून कळतं. फौजी कडी आतून ७६ मिलिमीटर, तीन इंची, तिला आकडाही तसलाच कुलुपाचा लागतो, आपल्या गाड्यांच्या मागचा गोळा चालत नाही. मी तो इंदुरात आधीच बोलेरोच्या चासिसला बसवून गेलो होतो, बंपरला नाही, बंपरला कुणी बसवून देतो म्हणाला तरी बसवू नका.

टायरमध्ये मी जवळजवळ फसलो होतो. टायर कोरे करकरीत, ६.००-१६, जीपचा साइज, मी खूश. आतेभाऊ शेतकरी माणूस, त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, अरे हे ट्रॅक्टरच्या पुढचे आहेत. साइज तोच असतो! पण त्यावर उभ्या धारा असतात आणि स्पीडचा कोड ए६ किंवा ए८ असतो, म्हणजे तीस नाहीतर चाळीसची स्पीड. हायवेला साठनं ते पळवणं म्हणजे स्वतःच्या हातानं फोडणं. तिथंच ग्वाल्हेरला दोन जीपचे टायर बदलून घेतले, अर्धा दिवस गेला. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. आणि काही जुन्या फौजी रिमा दोन तुकड्यांच्या, बोल्टांनी जोडलेल्या असतात, त्यांचे बोल्ट हवा पूर्ण काढल्याशिवाय हात लावायचे नाहीत, रिमचा तुकडा छातीत बसतो.

एवढं सगळं बघितलं आणि हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, उघडून बघितलं नाही. विकणारा म्हणाला 'कल ही ग्रीस भरा है', मी हबची टोपी काढली, टोपीत पिवळं ताजं ग्रीस काठोकाठ, म्हटलं झालं.

शिवपुरीपर्यंत बरं चाललं. पन्नास-पंचावन्नची स्पीड. कोलारसच्या पुढे चहाला थांबलो, सवय म्हणून हबवर तळहात ठेवला, डावा कोमट, उजव्यावरून हात झटकून काढला. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या तेलाचे फटकारे उडालेले. अर्धा तास गार होऊ दिला आणि बदरवासपर्यंत दहा-पंधराच्या स्पीडनं रांगत गेलो. तिथं एक ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला उस्ताद मिळाला. त्यानं उघडलं तर टोपीत ग्रीस आणि बेअरिंगमध्ये कोरडा चिकटा, आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो पुसून फोटो काढला, गाडी तिथंच सोडून बसनं गुन्याला गेलो, दोन्ही चाकांची आतली-बाहेरची बेअरिंगं आणि ऑइल सील घेतले. बाहेरची रिंग म्हणजे कपसुद्धा बेअरिंगबरोबर नवाच घालायचा, जुन्या कपात नवं बेअरिंग टिकत नाही. त्या रात्री गुन्यातच राहिलो.

सकाळी उस्तादनं मला समोर बसवून करायला लावलं, त्याबद्दल त्याचे उपकार. एपी-३ ग्रीस तळहातावर घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या फटीतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. जुनं ग्रीस डिझेलनं पूर्ण धुऊन, कोरडं करून मगच, दोन जातींची ग्रीसं मिसळायची नाहीत. मग चाक हातानं फिरवत नट आवळायचा, जड लागलं की थोडा सोडायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण धरून हलवलं तर खडखडलं नाही पाहिजे, मग नवी स्प्लिट पिन. टोपीत ग्रीस ठासायची गरजच नसते. डावं चाक उघडताना मी पान्यावर उभाच राहणार होतो, त्यानं थांबवलं, चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडच्या टोकावरचा एल दाखवला. जुन्या जीपांसारखे डाव्या बाजूला उलटे आटे! नाहीतर स्टड तोडूनच बसलो असतो.

पुढचा प्रवास निवांत, दर पन्नास किलोमीटरला थांबून तळहात. रिकामा ट्रेलर फार उडतो हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पाटे मालासाठी कडक असतात, रिकाम्यात हवा कमी ठेवा. गजकचा डबा मी हौसेनं ट्रेलरमध्ये ठेवला होता, इंदुरात उघडला तर भुकटी, आईनं ती दुधात घालून संपवली.

माल भरायचा तर जड पोती चाकांच्या जरा पुढे, दांडीवर एकूण वजनाचा दहावा भाग आला पाहिजे. मी कडीखाली घरातला वजनकाटा ठेवून बघतो. मागे जास्त वजन झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, तेव्हा ब्रेक मारायचा नाही, अॅक्सिलरेटर सोडायचा. साखळ्या दांडीखालून एकमेकींना काट मारून लावा. रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवा, हात जिकडे नेला तिकडे ट्रेलर जातो. छोटा ट्रेलर क्षणात दुमडतो, मला अजून पूर्ण जमत नाही, एकटा असलो की सरळ सोडवून हातानं ढकलतो. भाड्यानं कुणाचा माल नेऊ नका, ती वेगळी भानगड आहे.

दिव्यांचं म्हणाल तर फौजी वायरिंग २४ व्होल्टचं आणि सॉकेट बारा पिनांचं, माझ्या आधीच्या मालकानं बल्ब न बदलताच जोडलं होतं, म्हणून मागचे दिवे काजव्यासारखे. सगळं काढून १२ व्होल्टचं, सात पिनी नवं टाकलं, अर्थची वायर वेगळी ओढली, कडीतून अर्थ मिळेल या भरवशावर राहायचं नाही. मागे लाल रिफ्लेक्टर टेप भरपूर.

हब वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर उघडतो, आणि चाकं पाण्यात बुडाली तर तेव्हाच. यू बोल्ट दर दोन महिन्यांनी आवळतो. बुचांचं राहिलं. जुलैत ट्रेलर ताडपत्रीशिवाय अंगणात राहिला, रात्रभर पाऊस, सकाळी डबा काठोकाठ, टायर बसलेले, पाटे उलटे वाकलेले, आणि शेजारचे काका विचारतायत की हौद कधी बांधला. तेव्हापासून दोन्ही बुचं काढून सुतळीत ओवून गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवली आहेत.