मिस्टरांचंच ना?

शुक्रवार. रात्रीचे पावणेतीन. ती आत्ता कुठे झोपली, आणि आता मला झोप नाही.

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात घुमतंय. "आडनाव मिस्टरांचंच ना?" आणि त्यावर मी दिलेलं उत्तर. "हो."

एवढंच झालं. लेकीचं नाव जन्मदाखल्यात घालायला वॉर्ड ऑफिसात गेलो होतो. हा गाडी लावायला जागा शोधत बसला, मग आधारच्या झेरॉक्स काढायला गेला, आणि तेवढ्यात माझा नंबर आला. त्या बाई चांगल्या होत्या. मला उभं बघून त्यांनीच शिपायाला खुर्ची आणायला लावली. बाळ कुणाकडे ठेवलंय ते विचारलं. नाव छान आहे म्हणाल्या, अर्थ विचारला. आणि मग कीबोर्डवरची बोटं न थांबवता तो प्रश्न. वर बघितलंही नाही त्यांनी. मी हो म्हटलं.

त्या 'च'ने घात केला. "आडनाव कोणाचं?" असं विचारलं असतं तर मी बोलले असते, अशी दिवसभर स्वतःची समजूत घालतेय. नुसतं "मिस्टरांचं ना?" असतं तरी कदाचित जीभ अडली असती. पण "मिस्टरांचंच ना?" म्हटलं की उत्तर आधीच दिलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची. आणि मी हलवली. मान नव्हे, चक्क तोंडाने, स्पष्ट, "हो" म्हणाले. वर "हो हो" म्हटलं की काय, तेही आता आठवत नाही.

बरं, त्यानंतर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "नीट वाचून घ्या मॅडम, एकदा साहेबांची सही झाली की बदलणं अवघड." मी वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. तिच्या नावात पहिली वेलांटी पडली होती, ती दुसरी करून घेतली. इंग्रजी स्पेलिंग बघितलं, तारीख बघितली. आडनावापाशी थांबलेच नाही. म्हणजे सगळा दोष त्या 'च'वर टाकता येत नाही. वेलांटीसाठी तोंड उघडलं होतं मी.

आणि घाईही नव्हती, हे जास्त लागतंय. जन्माची नोंद दवाखान्याने तेव्हाच २१ दिवसांच्या आत करून टाकली होती, नावाचा रकाना कोरा ठेवून. नाव वर्षभरात कधीही घालता येतं, त्याला शुल्क नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आम्हाला अजून साडेआठ महिने होते. "एक मिनिट, मिस्टर येऊ देत" एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

बाळाला माझं आडनाव लावता येईल का, यावर मी सातव्या महिन्यापासून वाचत होते. पाय सुजलेले, रात्री कूस बदलता येत नाही, आणि मी मोबाइलवर निकाल वाचतेय. मुलाने बापाचंच आडनाव लावावं असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही, हे मी शोधून काढलं होतं. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक म्हणून जागा दिली. तिथे भांडण रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांचं होतं, मुलाच्या अर्जावर आईची सही चालत नव्हती. आणि २८ जुलै २०२२ चा तो दुसरा निकाल, आंध्रातल्या बाईंचा. मूल तान्हं असताना नवरा गेला, तिने पुन्हा लग्न केलं, मुलाला नव्या घराचं आडनाव लावलं. आजी-आजोबा नातवाच्या पालकत्वासाठी कोर्टात गेले होते. उच्च न्यायालय म्हणालं, बापाचंच आडनाव परत लावा आणि आताच्या नवऱ्याला कागदावर सावत्र बाप म्हणून दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क त्या आईचा आहे म्हणाले.

तो निकाल मी छापून पिवळ्या फाइलमध्ये ठेवला होता. कुणी अडवलं तर दाखवायला. आज ती फाइल माझ्या मांडीवर होती. कुणी अडवलंच नाही.

घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. टाके माझे, कंबर माझी, रात्री माझ्या. दवाखान्यात तिच्या इवल्याशा मनगटावर पट्टी बांधलेली होती, त्यावर "बेबी ऑफ" आणि पुढे माझं पूर्ण नाव, माझ्या आडनावासकट, कारण फाइल माझ्या आधारवरून केलेली. नर्स माझ्याच आडनावाने विचारायच्या, यांचं बाळ कुठंय, यांच्या बाळाची कावीळ तपासली का. चार दिवस ती त्या आडनावाची होती. पट्टी अजून आहे, झबल्यांच्या डब्यात. कातरीने कापून काढली तेव्हा मी मागून घेतली होती, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

आणि हे "हो" इथेच थांबणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून सगळीकडे जन्मदाखलाच. शाळेचा प्रवेश त्यावर, आधार त्यावर, पासपोर्ट त्यावर, लायसन, मतदारयादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी, सगळं त्याच एका कागदावर. मी रांगेत बसून अर्ध्या सेकंदात जे म्हणाले ते तिच्या लग्नापर्यंत जाणार.

आबांना, माझ्या वडिलांना, यातलं काही सांगितलंच नव्हतं. तोंड गोड करूनच सांगायचं ठरवलं होतं, दाखला हातात ठेवून. आम्ही दोघी बहिणीच. असो. त्यांना माहीतच नाही म्हणजे त्यांचं काही गेलंही नाही.

तरी "हो" का म्हटलं?

माझ्या मागे सात-आठ माणसं होती. एक आजोबा कुणाच्या तरी मृत्यूचा दाखला घ्यायला आलेले, हातात कागदाची घडी. "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का? मिस्टरांची संमती आहे का, काही प्रॉब्लेम आहे का, वेगळे राहता का. कदाचित आलाही नसता. पण मी मनातल्या मनात त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन बसले, आणि दमले. "हो"ला कुणी कारण विचारत नाही. एवढंच असेल का? की मला ते हवंच नव्हतं, फाइल नुसती हवी होती? हा विचार मी संध्याकाळपासून तीनदा बाजूला सारलाय.

आज वाचताना आणखी एक गोष्ट खुपली. त्या आंध्रातल्या बाईने जे आडनाव मागितलं ते तिचं नव्हतंच, दुसऱ्या नवऱ्याचं होतं. आणि मी जे माझं माझं म्हणतेय ते आबांचं. आईचं माहेरचं आडनाव मला येतं. आजीचं येत नाही. आत्ता आठवायचा प्रयत्न केला, मिरजेचं घर आठवलं, विहीर आठवली, आडनाव नाही आठवलं. उद्या आईला विचारते. तिला तरी येत असेल ना?

याच्याबद्दल लिहायचंय. गाडीत बसल्यावर याने पावती बघितली आणि म्हणाला, "अगं, तुझं लावायचं ठरलं होतं ना?" मी एकदम तुटून पडले. तुला काय फरक पडतो, तूच म्हणाला होतास ना, "तुझं लाव, मला काय". ते "मला काय" माझ्या मनात सातव्या महिन्यापासून रुतून बसलंय. मी इतकं वाचायचं, झुरायचं, आणि याचं आपलं मला काय. तो काही बोलला नाही. दांडेकर पुलापर्यंत गप्प. मग म्हणाला, "सोमवारी सही होणार आहे. त्याआधी जाऊन अर्ज बदलून घेऊ. मी येतो बरोबर." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी सासूबाईंनी पावती मागितली. चष्मा लावून वाचली. मला वाटलं, आता समाधान दिसणार तोंडावर, आणि ते बघायची माझी तयारी नव्हती, म्हणून दुपटी घड्या घालत बसले. तर त्या म्हणाल्या, "हे आमचं कसं लागलं?"

मी बघतच राहिले.

दिवाळीतच याने त्यांना सांगितलं होतं. आम्ही तिच्या आईचं आडनाव लावणार. त्या आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. चिपळूणहून फोन यायचा तो माझ्या फोनवर यायचा, बाळाची चौकशी करायच्या, आणि मला वाटायचं काय माया आहे. तो रोज त्यांना फोन करायचा, त्या उचलायच्या नाहीत. मला यातलं एक अक्षर माहीत नाही. "मग मी मनाची तयारी केली," त्या म्हणाल्या. "वन्संना सांगून टाकलं. शेजारी सांगितलं. म्हटलं, आता हल्ली असंच असतं. आणि तू हे काय करून आलीस?"

रागाने नाही म्हणाल्या. खरोखर कळत नव्हतं त्यांना.

म्हणजे सगळे तयार होते. हा तयार होता, आठ दिवस आईचा अबोला सोसून मला न सांगता तयार होता. "मला काय" असं म्हणणारा. चिपळूणला एका म्हाताऱ्या बाईने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं. तयार नव्हते ती मी. दुपारी नळाखाली रडले ते कुणावर रडले, आता सांगता येत नाही.

गंमत म्हणजे ते कळल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं. लाज वाटली, खूप वाटली, पण दुपारचं ते एकटं एकटं वाटणं गेलं. त्याला जवळ जाऊन म्हटलं, मला सांगायचं ना. तो म्हणाला, "तुझं बीपी वाढलं असतं." आणि भांडी घासायला गेला.

मग सासूबाईंनी पावतीवर बोट ठेवून विचारलं, आईचं नाव असं सुटं लिहिलंय, ते नावात येत नाही का? मी सांगितलं, येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेत, परीक्षेच्या अर्जावर, सरकारी कागदांवर तसंच लिहायचं, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मार्च २०२४ मध्ये निर्णय झाला. लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं नाव मात्र तसंच राहिलं, तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. त्यांनी पूर्ण नाव मोठ्यांदा म्हणून बघितलं. चार शब्द. त्यात मी दुसरी, याच्या आधी. मी तोपर्यंत ते एकदाही मोठ्यांदा म्हटलं नव्हतं.

"माझं कुठलं लिहिलं असतं गं?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. "म्हणजे?"

"माहेरचं, का तांदळातलं?"

त्यांचं लग्नात नाव बदललेलं, हे मला माहीत होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलं आणि त्या क्षणापासून ती दुसरीच झाली. तेच नाव रेशनकार्डावर, तेच सातबाऱ्यावर, त्याच नावाने सासरे हाक मारायचे. माझ्या लग्नात तांदळात माझंच नाव लिहा असा हट्ट मी धरला होता तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या, नुसतं ताट पुढे सरकवलं होतं. पाच वर्षं झाली मला या घरात येऊन. त्यांचं आधीचं नाव काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाकी सगळं वाचत होते.

आज विचारलं. त्यांनी सांगितलं. आधी नुसतं नाव, मग थोडं थांबून वडिलांचं, मग आडनाव, शाळेत हजेरीला उभं राहून सांगतात तसं. इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. हा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला आणि दारात उभा राहिला. त्यानेही आज पहिल्यांदाच ऐकलं.

मग सोमवारचं विचारलं त्याने. बदलायचं का?

मी थोडा वेळ विचार केला. खरंच केला. म्हटलं, राहू दे. का ते आत्ताही नीट सांगता येणार नाही. "हो" चुकीच्या तऱ्हेने तोंडून गेलं याचं वाईट वाटतंय आणि वाटत राहील, पण आता त्या चार शब्दांकडे बघितलं की काही काढून टाकावंसं वाटत नाही. तिला मोठेपणी वेगळं वाटलं तर ती राजपत्रात देईल, तेव्हा फाइल आहेच.

दाखला आणायला तूच जा, म्हटलं त्याला. आणि दोन प्रती जास्त घे, एक आबांना द्यायचीय.

उठली वाटतं.